माणूस मुळात स्वार्थी असतो का? कर्ज खात्यात बसून जे दिसलं ते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की टीवायबीएला इकॉनॉमिक्स आणि फिलॉसॉफी दोन्ही आहे, इकॉनॉमिक्सचे सर सांगतात माणूस स्वार्थी आणि हिशोबी धरा, फिलॉसॉफीच्या मॅडम सांगतात माणूस नैतिक प्राणी आहे, आणि घरी बाबा लालबागच्या चाळीत वर्षानुवर्षं भिशी चालवतायत तिथे आजवर एकानेही पैसे बुडवले नाहीत. मग माणूस नक्की कसा?

मी आयुष्य सहकारी बँकेच्या कर्ज खात्यात काढलंय, आधी कर्ज देणाऱ्या टेबलावर आणि मग वसुलीत, आणि आता बँकेच्या नवीन पोरांना ट्रेनिंग देतो. त्यामुळे पुस्तकातलंही सांगीन आणि टेबलावरचंही. पहिल्यांदाच सांगून टाकतो, माझ्या मते प्रश्नच चुकीच्या जागी कापलाय. समोरचा माणूस स्वार्थी आहे की चांगला हे मी कधी तपासलंच नाही, तपासता येतही नाही. मी बघायचो की हा कुठल्या व्यवहारात उभा आहे, त्याच्याकडे कोण बघतंय, आणि उद्या परत त्याच लोकांत त्याला तोंड दाखवायचंय की नाही. तोच माणूस जामीनदार बदलला की वेगळा वागतो हो.

आता तो स्वार्थी माणूस इकॉनॉमिक्समधे आला कुठून. सगळे अॅडम स्मिथचं नाव घेतात, १७७६ च्या पुस्तकातलं ते खाटीक, दारू गाळणारा आणि पाववाला यांचं वाक्य, की आपल्याला जेवण मिळतं ते त्यांच्या दयेमुळे नाही तर ते स्वतःचं हित बघतात म्हणून. पण लगेच पुढे तो काय म्हणतो ते कुणी शिकवत नाही. तो म्हणतो दुसऱ्याच्या दयेवर मुख्यतः अवलंबून राहायचं हे फक्त भिकारीच पत्करतो, आणि तोसुद्धा पूर्णपणे नाही. म्हणजे मुद्दा माणूस हावरट आहे हा नाहीच मुळी, मुद्दा असा की दुकानात तुम्ही पैसे टाकून उभे राहता तेव्हा तुम्हाला हात पसरावा लागत नाही. दादरला भाजीवालीशी दोन रुपयांसाठी आपण हुज्जत घालू शकतो कारण ती आपल्यावर उपकार करत नाहीये आणि आपण तिच्यावर. मला तरी ही स्वार्थापेक्षा स्वाभिमानाची गोष्ट वाटते.

आणि हाच स्मिथ ग्लासगोला नीतिशास्त्राचा प्रोफेसर होता. १७५९ साली त्याने जे पुस्तक लिहिलं त्याची सुरुवातच अशी की माणूस कितीही स्वार्थी समजला तरी त्याच्या स्वभावात असं काहीतरी उघड आहे ज्यामुळे त्याला दुसऱ्याच्या बऱ्यावाईटाशी देणंघेणं असतं. तिथे तो एक निःपक्षपाती बघणारा कल्पितो, आपल्याच डोक्यात बसलेला, जो आपल्याला सांगतो की हे शोभतं का तुला. तर तुमच्या सरांचा स्मिथ आणि मॅडमचा स्मिथ एकच आहे, पेपर वेगळे आहेत इतकंच.

खरी गडबड नंतर झाली. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने १८३६ च्या निबंधात स्पष्ट लिहिलं होतं की अर्थशास्त्र माणसाचा फक्त पैसा मिळवण्याकडचा कल वेगळा काढून अभ्यासतं, पण माणूस खरंच तेवढाच आहे असं मानण्याइतका मूर्ख अर्थशास्त्रज्ञ कुणी झाला नाही. सोयीसाठी केलेली काटछाट होती ती. मग १८८१ ला एजवर्थ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने अर्थशास्त्र गणितात मांडताना पहिलं तत्त्व म्हणूनच लिहिलं की प्रत्येकजण फक्त स्वहिताने चालतो, आणि पुढे गणित इतकं सुंदर जमत गेलं की गृहीतक कधी वर्णन झालं ते कळलंच नाही कुणाला. वेब्लेन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९८ मधे या हिशोबी माणसाची टर उडवली, की हा माणूस म्हणजे सुखदुःखाची विजेच्या वेगाने बेरीज-वजाबाकी करणारा कॅल्क्युलेटर. टिंगल झाली आणि विसरलीही गेली.

आता तुमच्या बाबांच्या भिशीवर येतो कारण खरी मजा तिथे आहे.

समजा २० जण, महिना ५,००० रुपये. दर महिन्याला एक लाख जमतात आणि चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल तो घेऊन जातो. पहिल्याच महिन्यात ज्याला भिशी लागली त्याने भरले पाच हजार आणि हातात आला एक लाख, पुढचे १९ महिने त्याला फक्त द्यायचंच आहे, ९५,००० रुपये, ना कागद ना स्टॅम्प ना तारण. (असल्या व्यवहाराला कायद्याने नोंदणी लागते, १९८२ चा चिट फंड कायदा आहे, पण चाळीत कोण बघतो.) पुस्तकातला हिशोबी माणूस दुसऱ्या महिन्यापासून गायब व्हायला हवा. होत नाही. का?

पहिलं उत्तर स्वार्थाच्याच भाषेत देता येतं आणि ते बरंचसं खरं आहे. पळाला तर पुढच्या भिशीत घेणार नाहीत, मुलीचं लग्न त्याच चाळीतल्या ओळखीतून जमायचंय, नळावर बायकोला ऐकून घ्यावं लागणार. एकदाच खेळायचा खेळ आणि वर्षानुवर्षं खेळायचा खेळ यातला हा फरक अर्थशास्त्रज्ञांनाही चांगला माहीत आहे. पण तुमच्या बाबांना विचारून बघा, नवीन माणसाचं नाव ते पहिल्या चार-पाच महिन्यांत चिठ्ठीत टाकतात का? मी ज्या भिशीवाल्यांना ओळखतो ते टाकत नाहीत. ज्याची खात्री नाही त्याला शेवटचा नंबर, म्हणजे तोवर त्याचेच पैसे आत अडकलेले. आणि एखाद्याचा हप्ता चुकला तर चालवणारा आधी स्वतःच्या खिशातून भरतो आणि मग रात्री जाऊन त्याच्या दारात बसतो. हे सगळं इतकं हुशारीने रचलेलं असतं की विश्वास ठेवावा लागतोय असं कुणाला वाटूच नये.

बँकेत आम्ही दोन जामीनदार मागायचो ते याच कारणाने. लोकांना वाटतं जामीनदार म्हणजे कर्जदाराने नाही दिले तर त्याच्याकडून वसूल करायला दुसरा खिसा. कागदावर तसंच आहे. पण वसुलीतला प्रत्येकजण जाणतो की जामीनदाराचा खरा उपयोग पैशाचा नाहीच, तो असतो तोंड दाखवण्याचा. बँकेची नोटीस आली तर माणूस ड्रॉवरमधे टाकतो, पण सही केलेला मित्र किंवा साडू दारात आला की हप्ता येतो. म्हणून पगाराच्या स्लिपपेक्षा मी आधी हे बघायचो की जामीनदार कोण, ऑफिसातला ओळखीचा की आठवड्याला घरी जेवायला येणारा.

तरी काही उरतंच. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुष्कळ जण शेवटी कोकणात, घाटावर आपापल्या गावी परतले. आमच्याकडचे जुने लोक सांगायचे की त्यातले काही गावाहून मनीऑर्डरने हप्ते पाठवत होते, मुंबईत परत यायची आशा सोडल्यावरसुद्धा. त्यांना ना पुढची भिशी हवी होती ना नळावरचं बोलणं ऐकायचं होतं. इथे अमर्त्य सेन कामाला येतात. १९७७ च्या त्यांच्या निबंधात त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. दुसऱ्याचं दुःख बघून मलाच त्रास होतो म्हणून मी मदत करतो, ही सहानुभूती झाली, आणि ती शेवटी स्वतःच्या सुखाशी जोडता येते. पण मला स्वतःला काही त्रास होत नाहीये, फायदाही नाहीये, तरी हे केलंच पाहिजे म्हणून करतो, ही बांधिलकी, आणि ती स्वहिताच्या हिशोबात बसतच नाही. ओढूनताणून बसवली की मग सगळंच स्वार्थ होतं, आणि ज्या शब्दात सगळंच बसतं त्याने काहीच कळत नाही. सेन म्हणाले फक्त स्वतःच्या पसंतीचा एकच क्रम घेऊन जगणारा माणूस हा सामाजिकदृष्ट्या मूर्ख असेल. कर्ज खात्याच्या अनुभवावरून सांगतो, सेन बरोबर आहेत, पण तो बांधिलकीवाला माणूस कोण ते आधी ओळखता येत नाही म्हणून दोन जामीनदार घ्यायचेच.

उलट बाजूही बघा. तीच भिशी व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोनशे जणांची झाली, वर "दुप्पट करून देतो" आलं, की ती बुडते. तिथे माणसांचा स्वभाव बिघडलेला नसतो हो, दारात जाऊन बसायची सोय गेलेली असते. कौटिल्याला हे पक्कं ठाऊक होतं. त्याने अधिकारी पैसे खाण्याचे ४० प्रकार मोजून ठेवलेत, आणि म्हणतो जिभेवर ठेवलेला मध चाखल्याशिवाय राहवत नाही तसं राजाचा पैसा हाताळणाऱ्याचं, आणि पाण्यात फिरणारा मासा पाणी कधी प्याला हे जसं कळत नाही तसंच त्यांचंही. बँकेत एकाने एंट्री टाकायची आणि दुसऱ्याने पास करायची हा नियम आहे तो याच विचाराचा नातू. त्यात माणसाचा अपमान नाही. मी स्वतः प्रामाणिक आहे असं मला वाटतं, तरी माझ्या एंट्रीवर दुसऱ्याची सही नसती तर मला झोप आली नसती.

मग माणूस हिशोबी तरी आहे का? यावर हर्बर्ट सायमनचं म्हणणं मला सगळ्यात पटतं, १९७८ चं नोबेल मिळालं त्याला, की माणसाकडे वेळ, माहिती आणि डोकं सगळंच मर्यादित असतं म्हणून तो सर्वोत्तम शोधत बसत नाही, चालण्यासारखं मिळालं की थांबतो. नंतर कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मधे दाखवलं की मिळालेल्यापेक्षा गमावलेलं जास्त टोचतं, आणि अर्थशास्त्रज्ञ थेलरने दाखवलं की आपण डोक्यात पैशाचे वेगवेगळे डबे करून ठेवतो. पण इथे नवीन शिकलेली पोरं एक उतावीळपणा करतात, असं काही दिसलं की लगेच "इररॅशनल" म्हणून शिक्का मारून मोकळे. एक बाई यायच्या आमच्याकडे, दोन लाखांची एफडी आणि तरी ८० हजारांचं पर्सनल लोन मागतायत, एफडीपेक्षा कितीतरी जास्त व्याजाने. आमचा ट्रेनी म्हणाला मॅडम एफडी मोडा ना, नाहीतर त्यावरच ओव्हरड्राफ्ट घ्या, स्वस्त पडेल. त्या म्हणाल्या ती मुलीची आहे, मोडली की परत कधीच होणार नाही, लोनचा हप्ता मात्र बँक माझ्याकडून घेतेच घेते. बघा म्हणजे, त्यांनी स्वतःचा स्वभाव ओळखून स्वतःवरच बँकेचा पहारा बसवला होता आणि त्या पहाऱ्याचा पगार म्हणून जास्तीचं व्याज भरत होत्या. ट्रेनीचं गणित बरोबर होतं, पण बाईंचं जास्त पुढचं होतं.

पैसा मधे आला की स्वभाव बदलतो का, यावर एक प्रयोग जरूर वाचा. इस्रायलमधे हैफा शहरात १० पाळणाघरं घेतली, त्यातल्या सहा ठिकाणी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या आईबापांना १० शेकेल दंड लावला. उशिरा येणारे कमी व्हायच्या ऐवजी वाढले, जवळपास दुप्पट झाले. आणि दंड काढून टाकल्यावरही आकडा खाली आला नाही. नीझी आणि रुस्तिकिनी यांचा २००० सालचा पेपर आहे. आधी उशीर झाला की बाईंसमोर ओशाळं व्हायला व्हायचं, दंडाने त्याची किंमत ठरवून दिली, दहा दिले की मोकळे. आमच्या बिल्डिंगमधे हेच झालं, गेटसमोर पाहुण्यांची गाडी लावली तर १०० रुपये दंड असा ठराव केला, आधी लोक माफी मागत गाडी काढायचे, आता वॉचमनच्या हातात शंभराची नोट ठेवून वर झोपायला जातात. सेक्रेटरी म्हणतात लोक निर्लज्ज झालेत. लाज काढून तिथे दर लावला तो तर आपणच, जनरल बॉडीत एकमताने.

दुसरा प्रयोग १९८२ चा, जर्मनीतला. एकाला पैसे द्यायचे, त्याने दुसऱ्याला वाटा देऊ करायचा, दुसऱ्याने नाकारला तर दोघांनाही शून्य. पुस्तकी माणसाने एक रुपया मिळाला तरी घ्यायला हवा. लोक मात्र वीस टक्क्यांच्या खालचा वाटा बऱ्याचदा लाथाडतात आणि देणारेही साधारण चाळीस-पन्नास टक्के देतात. नंतर जोसेफ हेनरिक आणि मंडळींनी हे १५ छोट्या समाजांत करून बघितलं, शिकारी, मेंढपाळ, शेतकरी असे. पेरूमधले माचिगेंगा सरासरी २६ टक्के देत होते आणि कुणी फारसं नाकारतही नव्हतं, इंडोनेशियातले लामालेराचे लोक जे एकत्र देवमाशाची शिकार करतात ते निम्म्याहून जास्त देत होते. मला सगळ्यात आवडलेला भाग केनियातल्या ओर्मा लोकांचा. त्यांना सगळ्यांनी मिळून एका भांड्यात पैसे टाकायचा खेळ दिला तर ते लगेच म्हणाले हा तर हरांबे आहे, म्हणजे शाळा, रस्त्यासाठी गावात गोळा होतं ते, आणि त्याच हिशोबाने त्यांनी पैसे टाकले. तुम्ही लालबागचे, तुमच्याकडे तोच खेळ मांडला तर कुणीतरी म्हणेलच की अरे ही तर वर्गणी. आणि मग मंडळाच्या बोर्डावर शेजाऱ्याच्या नावापुढे किती लिहिलंय ते बघून आकडा ठरेल. म्हणजे माणूस रिकाम्या हाताने खेळायला येत नाही, आपल्या गल्लीची सवय घेऊन येतो.

आता जे सांगतोय ते तुमच्या बाबांना कदाचित आवडणार नाही.

हे सगळं वाचून एक सोपा निष्कर्ष निघतो की बघा, पाश्चात्यांचा माणूस स्वार्थी आणि आपला माणूस जपणारा, आपली संस्कृतीच तशी. सेमिनारमधे टाळ्या मिळतात याला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मधे पुण्याला डेक्कन कॉलेजात व्याख्यान दिलं होतं, त्यात त्यांनी म्हटलं की आपल्याकडचा सरासरी माणूस हा त्या आर्थिक माणसाच्या, म्हणजे पुस्तकातल्या हिशोबी माणसाच्या, अगदी विरुद्ध टोकाचा आहे, त्याचं आयुष्यातलं स्थान ठरवताना कुटुंब आणि जात ही व्यक्तीपेक्षा बलवान आहेत. पण रानडे हे कौतुकाने सांगत नव्हते. इंग्लंडची सूत्रं इथे जशीच्या तशी लावू नका असं सांगत होते, परिस्थिती मांडत होते.

त्याची किंमत कोण भरतो हे बाबासाहेबांनी दाखवलं. १९३६ मधे त्यांनी लिहिलं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, वर-खाली रचलेली, आणि त्यात माणसाच्या आवडीला किंवा कुवतीला जागाच नाही. आणि पुढे, जिथे माणसाचं ना मन कामात ना बुद्धी, तिथे कार्यक्षमता कुठून येणार. लोक कामचोर असतात, टाळाटाळ करतात, हा त्यांचा स्वभाव आहे असं सहज म्हटलं जातं ना, त्याला हे उत्तर आहे, ज्या कामाकडे समाज किळसेने बघतो ते जन्माने गळ्यात बांधल्यावर माणूस ते टाळायलाच बघणार. आणि हे लांबचं नाही, तुमच्याच गिरणगावातलं आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि दलित कामगारांना तिथे घेत नव्हते, कारण धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीत, धागा ओढताना तो तोंडाने ओढावा लागायचा आणि बाकीच्यांना विटाळ. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धरून लावला होता. आता विचार करा, मालकाचा स्वार्थ खरं तर सांगत होता की जो हात चांगला चालेल त्याला घ्या. कामगारांची एकी, जिचे आपण गोडवे गातो, तीच आड आली.

म्हणून भिशीत कोण आहे याच्याइतकंच कोण कधीच नव्हतं हेही बघावं लागतं. आमच्या बँकेतही ज्याला दोन जामीनदार मिळायचे तो बहुतेक वेळा आपल्या गावचा, आपल्या नात्यातला जामीनदार आणायचा, आणि ज्याच्या गोतावळ्यात पक्क्या पगाराची नोकरीच कुणाला नाही तो कितीही सच्चा असला तरी त्याचा अर्ज पहिल्या टेबलावरच अडायचा. ओळखीवर चालणारा विश्वास ओळखीच्या बाहेर फार कंजूष असतो. निनावी बाजार, जिथे नोट दिली की माल मिळतो आणि आडनाव कुणी विचारत नाही, तो कोरडा आहे हे खरं, पण ज्याला चाळीने खोली दिली नव्हती त्याला तो कोरडेपणा सुटका वाटू शकतो. स्मिथच्या त्या पाववाल्याकडे मी म्हणून परत परत जातो.

पेपरात काय लिहायचं म्हणाल तर सरांच्या पेपरात स्वार्थी माणूस हे गृहीतक आहे आणि ते किमती, स्पर्धा वगैरे समजायला बऱ्यापैकी चालतं असं लिहा, मिलचा १८३६ चा निबंध टाका, मार्क कापणार नाहीत. मॅडमच्या पेपरात सेन. आणि वाचायला वेळ असेल तर बाबासाहेबांचं एक छोटं परीक्षण वाचाच, १९१८ च्या सुमारासचं, त्याच वर्षी ते इथे चर्चगेटच्या सिडनहॅम कॉलेजला पोलिटिकल इकॉनॉमीचे प्रोफेसर म्हणून लागले. इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल म्हणत होते पैशाच्या मोहाने माणूस एकांगी होतो, त्यावर तरुण आंबेडकर म्हणतात पैशावरचं प्रेम नेहमी कशासाठी तरी असतं, आणि ते कशासाठी आहे यावर त्याची शोभा किंवा लाज ठरते. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात आहे, पानं थोडीच आहेत, एका बैठकीत होईल.